करिअरची पसंती आणि कॉमर्सचे मार्क: अनुभव धागा

बी.कॉम., बीएमएसच्या मुलांनी पुढची वाट ठरवली की मार्कशीटवर काय फरक पडतो? आत्मचरित्र नको, आपापल्या टोपणनावाने कामाचं लिहा.

जमाखर्च: सीए करायचं ठरवलेली मुलं अकाउंट्स, टॅक्सला चमकतात आणि बाकीचे विषय काठावर काढतात. फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) पास असेल तर पदवीचे टक्के आडवे येत नाहीत. पदवीनंतर थेट इंटरला (सीएच्या दुसऱ्या टप्प्याला) जायचं तर मात्र कॉमर्सवाल्याला 55 टक्के हवेत. इंटरला प्रत्येक पेपरात 40 आणि तीन पेपरांच्या ग्रुपला एकूण 150 लागतात. कॉलेजातली 'पासापुरतं' ही सवय इथे नडते: 42, 44, 46 पडले, तिन्ही विषय पास, बेरीज 132, ग्रुप गेला! म्हणून हातातला एक विषय 60 च्या वर न्यायचाच. ग्रुप राहिला तरी तो पेपर पुढच्या तीन परीक्षांत पुन्हा द्यावा लागत नाही.

पासबुक: बँक पीओला (अधिकारी भरतीला) कुठलीही पदवी चालते, त्यामुळे टीवायला (पदवीच्या शेवटच्या वर्षाला) अभ्यास सोडून नुसत्या मॉक (सराव परीक्षा) देणारे बरेच. पूर्वपरीक्षेत तासात 100 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. ताळेबंद त्यात कुठेच नाही. पण पुढे रिझर्व्ह बँकेचा ग्रेड बी (अधिकारीपद) खुणावतो, आणि तिथे नुसत्या पदवीवर जायचं तर खुल्या गटाला 60 टक्के लागतात. 57 वर सोडलेली डिग्री मग वाढवता येत नाही.

कोपऱ्यातला बाक: गणित टाळायला एमबीएत मार्केटिंग घेणाऱ्यांनो, पहिल्या सेमला अकाउंटिंग कोणालाच चुकत नाही. सीईटीला (एमबीएच्या राज्य प्रवेश परीक्षेला) पदवीचे 50 टक्के (राज्यातल्या राखीव गटाला 45) असले की बसता येतं, पुढचं सगळं पर्सेंटाइलवर. आयआयएमवाले मात्र दहावी-बारावीपासूनचे मार्क उकरतात.

गल्ला: घरच्या धंद्यात बसायचं ठरलेल्यांचा घोळ वेगळाच. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हाउचर म्हणजे व्यवहाराची नोंद टाकली की लेजर (खातेवही), ट्रायल बॅलन्स (तेरीज) आपोआप तयार. पेपरात तेच हाताने करायचं असतं. घसारा किंवा बुडीत कर्जाची तरतूद नफा-तोट्याला घेतात आणि ताळेबंदात मालमत्तेतून वजा करायची विसरतात. दोन्ही बाजू जुळत नाहीत, मग अर्धा तास बेरजा तपासण्यात जातो. अशा प्रत्येक समायोजनापुढे (वर्षअखेरच्या जुळवणी-नोंदीपुढे) पेन्सिलीने दोन टिक करा, परिणाम दोन ठिकाणी असतो. वर्किंग नोट्सही (आकडेमोडीच्या पायऱ्या) दाखवा. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, नुसत्या आकड्याला काय द्यायचं?

पासबुक: @गल्ला, टिक पेननेच करा. पेन्सिल शेवटच्या दहा मिनिटांत दिसत नाही.