शब्दचर्चा : 'थॉट लीडर', 'फॉलो करणे', 'इम्प्रेशन' आणि 'व्ह्यू' यांना मराठीत काय म्हणता?

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सोशल मीडिया मार्केटिंगचं काम करते. आमचे बरेचसे क्लायंट लहान व्यावसायिक आहेत: मसालेवाले, साड्यांची दुकानं, क्लासवाले. महिनाअखेरीस त्यांना रिपोर्ट द्यावा लागतो. मराठीत दिला तर ते तो नीट वाचतात, उलट प्रश्न विचारतात. इंग्रजीत दिला की थेट शेवटचा आकडा बघून बाजूला ठेवतात. त्यामुळे हे शब्द मला रोजच्या कामासाठी हवे आहेत.

अडचणी दोन आहेत. सेथ गोडिन, बायरन शार्प, अविनाश कौशिक अशा मार्केटिंगवर लिहिणाऱ्या मंडळींचं नवीन काही वाचलं की टीमसाठी मी त्याचं मराठी टिपण काढते. या लोकांना, म्हणजे ज्यांच्या विचारांकडे अख्खं क्षेत्र लक्ष देतं त्यांना, इंग्रजीत थॉट लीडर म्हणतात. मी 'विचारवंत' लिहिलं, ते एका सहकाऱ्याला खटकलं. मग काय लिहू? आणि 'मी त्यांना फॉलो करते' हे कसं म्हणायचं?

दुसरी अडचण रिपोर्टमधली. रीच (किती माणसांपर्यंत पोचलं), इम्प्रेशन (किती वेळा पडद्यावर आलं) आणि व्ह्यू हे तीन वेगळे आकडे आहेत, पण मराठीत सगळीकडे 'इतक्या लोकांनी पाहिले' असंच लिहिलं जातं. ते चूक आहे, आणि त्यावर क्लायंट पैसे खर्च करायचे निर्णय घेतात.

प्रतिसाद १

'विचारवंत' खटकणारच. मराठीत हा शब्द आगरकरांना लावतात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना लावतात. अख्ख्या समाजाच्या प्रश्नांवर ज्यांनी आयुष्यभर मूलभूत विचार केला, त्यांचा तो शब्द. एका व्यवसायापुरतं सखोल बोलणाऱ्याला तो लावला की त्या माणसाचंही भलतंच मोजमाप होतं.

आणि सगळ्यांना मिळून एकच शब्द कशाला हवा? बायरन शार्प हे ॲडलेडच्या एरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक, ग्राहक प्रत्यक्षात काय आणि किती वेळा विकत घेतात त्या नोंदींवरून निष्कर्ष काढणारे. ते 'अभ्यासक'. कौशिक यांनी गुगलमध्ये अनेक वर्षं काम केलं, आकडे कसे वाचायचे ते कामातून शिकून शिकवलं. ते 'जाणकार'. एखाद्याने संस्था उभी केली, चार लोकांना बरोबर घेऊन व्यवसायाला दिशा दिली, तर 'धुरीण' हा उत्तम शब्द आहे. धुर म्हणजे जू. ते खांद्यावर घेणारा तो धुरीण. नुसत्या पोस्टी टाकणाऱ्याला तो देऊ नये. थॉट लीडर ही पदवी हल्ली लोक स्वतःच्या प्रोफाइलवर स्वतःच लिहितात. आपल्याकडे जाणकार, धुरीण हे दुसऱ्यांनी म्हणायचं असतं, आणि ही रीत मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद २

'मार्गदर्शक' चालेल का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

मला नाही पटत. मार्गदर्शक म्हटलं की समोर कुणीतरी विद्यार्थी हवा. पीएचडीचे असतात तसे.

प्रतिसाद ३

'फॉलोअर'ला काही वर्तमानपत्रं 'अनुयायी' लिहितात, त्याबद्दल. अनुयायी म्हणजे ज्याने तो मार्ग स्वीकारला. या क्षेत्रात ते शक्यच नाही. शार्प यांचं २०१० चं 'हाऊ ब्रँड्स ग्रो' सांगतं की ब्रँड वाढतो तो मुख्यतः कधीमधी घेणाऱ्या, हलक्या ग्राहकांमुळे, म्हणून त्या वस्तूच्या जास्तीत जास्त खरेदीदारांपर्यंत पोचा. गोडिन २०१८ च्या 'धिस इज मार्केटिंग'मध्ये नेमकं उलट टोक धरतात: ज्यांच्यावर तुमचा व्यवसाय तगेल असा लहानात लहान समूह आधी निवडा आणि त्याच्यासाठी काम करा. चांगला काम करणारा माणूस दोघांनाही वाचतो. मग तो अनुयायी कुणाचा?

आपल्याकडे सरळ म्हणतात, 'मी त्यांना वाचते', 'मी त्यांना नेहमी ऐकतो'. यात लक्ष आहे, सातत्य आहे आणि असहमत राहण्याची मोकळीकही आहे. टिपणात 'मी ज्यांना वाचते' लिहा, कुणालाही अडणार नाही. बटणापुरतं 'फॉलो'च राहू द्या, ते आता सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद ४

मी वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातून निवृत्त झालो. ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे 'खप' आणि 'वाचकसंख्या' हे दोन आकडे होते आणि कुणी त्यांची गल्लत केली तर साहेब रागवायचे. एक अंक घरातली चार माणसं वाचत, म्हणून वाचकसंख्या खपापेक्षा मोठी. तुमच्या माध्यमात उलटं होतं. एकाच बाईंना तोच रील सकाळी, दुपारी आणि रात्री दिसला तर माणूस एक, आकडा तीन.

आता मराठीकडे बघा. 'काल बसमधून मला तुझा भाऊ दिसला' आणि 'मी तुझ्या भावाला पाहिलं' यांत किती फरक आहे! दिसणं आपोआप घडतं, त्यात माझी इच्छा लागत नाही. म्हणून तिथे 'मला' येतं. पाहणं मी करतो. इम्प्रेशन म्हणजे 'दिसलं'. ते 'पाहिलं' नव्हे.

प्रश्नकर्ती

काका, मनापासून आभार. हा फरक रोज जिभेवर असून रिपोर्टमध्ये आणायचं सुचलं नव्हतं. 'व्ह्यू' हा शब्द मात्र मध्येच फितूर झालाय, ते सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने 'व्ह्यूज' हा सगळ्या प्रकारांसाठी मुख्य आकडा केला. त्यात फोटो पडद्यावर आला तरी व्ह्यू. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे, म्हणजे त्यांच्याकडच्या छोट्या व्हिडिओंचे, व्ह्यू मोजायचे नियम बदलले. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद बघायला हवा अशी अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने वेगळा मिळतो. म्हणजे ज्याचं नाव व्ह्यू आहे ते खरं तर 'दिसलं', आणि 'पाहिलं' म्हणण्याजोगा आकडा दुसऱ्याच नावाखाली आहे. शब्दशः 'पाहिले' लिहिलं की आपण क्लायंटला खोटं सांगतो, आपला तसा हेतू नसला तरी.

याची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो तो आकडा त्यांनी फुगवून दाखवला होता. तीन सेकंदांच्या आत पुढे गेलेले लोक भागाकारातून वगळले होते, त्यामुळे सरासरी ६० ते ८० टक्क्यांनी वाढलेली दिसत होती. 'सरासरी पाहण्याचा वेळ' वाचताना 'पाहिलं असं कुणाला धरलंय?' हा प्रश्न त्यानंतर मी नेहमी विचारते.

प्रतिसाद १

आणि एंगेजमेंट? साखरपुडा सोडून.

प्रश्नकर्ती

'प्रतिसाद' वापरते, पण त्यात सगळंच एका टोपलीत जातं. कौशिक यांनी २०११ मध्ये हे वेगळं मांडलं होतं: दर पोस्टमागे किती जण बोलले, किती जणांनी पुढे पाठवलं, किती जणांनी टाळ्या वाजवल्या. चौथं, त्यातून व्यवसायाला पैशांत काय मिळालं. मी रिपोर्टमध्ये आता 'दाद दिली', 'पुढे पाठवलं', 'बोलले' असे तीन रकाने करणार आहे. लाइकला 'दाद' मला फारच आवडला. मसालेवाल्यांना तर 'पुढे पाठवलं' हा रकाना सर्वांत कामाचा, कारण पाककृती बहिणीला पाठवली जाते, आवडली म्हणून नुसतं अंगठ्यावर भागत नाही.

अजून एक अडलंय. पैसे घेऊन केलेल्या रीलवर मराठीत काय लिहावं? भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरना तसं लेबल लावणं बंधनकारक केलं. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतलं डिस्क्लेमर, म्हणजे खुलाशाची ओळ, दाव्याच्याच भाषेत हवं. रील मराठीत आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी, हे मला पटत नाही. 'सहयोग'? 'प्रायोजित'?

प्रतिसाद ४

'सहयोग' म्हटलं तर मदत वाटते, पैसे दिलेत हे कळत नाही. 'यांच्या सौजन्याने' गणेशोत्सवाच्या कमानीवर शोभतं, तिथे देणगीदार सगळ्यांना माहीत असतो. 'प्रायोजित' बरा, पण खेड्यातल्या आजींना विचारून बघा.

'जाहिरात' लिहा. शंभर वर्षांहून अधिक काळ छापला जातोय, शाळकरी पोरालाही कळतो. आमच्या पानावर बातमीसारखा मजकूर आला की वर 'जाहिरात' छापायचोच, तेही वाचता येईल अशा टायपात.

प्रश्नकर्ती

ठरलं. पहिल्या फ्रेमवर, मोठ्या अक्षरात 'जाहिरात', आणि निवेदनातही एकदा तोंडाने म्हणायचं. 'रीच'साठी 'किती जणांना दिसलं' आणि 'इम्प्रेशन'साठी 'किती वेळा दिसलं' असे मथळे केलेत. 'कन्व्हर्जन'ला, म्हणजे पोस्ट बघून कुणी प्रत्यक्ष खरेदी किंवा चौकशी केली त्याला, कुणी चांगला शब्द सुचवला तर हवा आहे. 'रूपांतरण' क्लायंटला वाचून दाखवलं, त्यांनी अर्थ विचारला.