प्रतिसाद: दोन पदर की तीन?
क्रॉस-स्टिचच्या भरतकामात गडद निळ्या १४ काउंट आयडावर (इंचाला १४ घरे असलेल्या जाळीदार कापडावर) दोऱ्याच्या दोन पदरांनी भरलेली पांढरी फुले विरळ दिसतात, म्हणून सगळीकडेच तीन पदर घ्यावेत का, असे वर विचारले आहे. सरसकट नकोत. इंचाला १४ घरे असतील तर दोन आणि ११ असतील तर तीन पदर सहसा पुरतात. मात्र गडद कापड फिक्या टाक्यांमधून डोकावत असेल, तर तेवढ्या रंगापुरता तिसरा पदर घेणे मला योग्य वाटते. त्याआधी सहापदरी दोऱ्यातून एकेक पदर सुटा ओढून, ते पुन्हा जुळवून ओवून पाहावेत, कारण असे मोकळे झालेले पदर शेजारीशेजारी सपाट बसतात आणि पुष्कळदा दोनांतच घर भरते. तीन पदर घेतल्यास एकच पदर दुमडून, त्याचे दोन करून, फासाने (गाठ न मारता) सुरुवात करण्याची सोयही राहत नाही. बाह्यरेषेच्या बॅकस्टिचला (मागे घेत घातलेल्या सलग टाक्यांना) मात्र एकच पदर ठेवावा.