बी-१२ 'नॉर्मल', तरी सासूबाई उदास

प्रश्न (इंदूर): सासूबाई ६२ वर्षांच्या, शाकाहारी, आठ वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी). बी-१२ २१० पिकोग्रॅम; कागदावर 'नॉर्मल'. झोप नाही, पोह्यांवर शेवसुद्धा नको म्हणतात. फोलिक अ‍ॅसिड देऊ का?

उत्तर: नुसतं फोलिक अ‍ॅसिड नकोच! रक्तक्षय सुधारतो, बी-१२ची कमतरता झाकली जाते आणि नसांची हानी चालूच राहते. २०० ते ३०० म्हणजे काठावरच. होमोसिस्टीन, एमएमए (मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड) तपासा; बी-१२ कमी पडलं की रक्तात ही दोन्ही वाढतात. मेटफॉर्मिनने बी-१२चं शोषण घटतं, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उत्तर: बी-१२च्या गोळ्या सुरू करण्याआधीच तपासणीला रक्त द्या. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून तासाभरात सीरम वेगळं करायला सांगा, नाहीतर आकडा खोटाच चढतो.

उत्तर: तळव्यांना मुंग्या येतात का? ती नसांच्या हानीची खूण असू शकते. बी-१२ भरलं म्हणून उदासी जाईलच असं नाही. थायरॉइडही पाहा, मानसोपचारतज्ज्ञांना आत्ताच दाखवा.