ढापलेल्या प्रकल्पाला सरळ शून्य द्यावं का?

फळा_खडू :
बारावीच्या पर्यावरण शिक्षणाच्या प्रकल्पवह्या तपासतोय. कॉलेज लातूर जिल्ह्यातलं. एका वहीत ठळक अक्षरांत 'आमच्या गावाजवळून वाहणारी पंचगंगा', खाली स्केचपेनने काढलेल्या निळ्या लाटा. कोल्हापूरची नदी आमच्याकडे कधी आली कोण जाणे! गठ्ठ्यात पुढे आणखी चार वह्या, तीच नदी, तीच 'सर्वेक्षणातील ५० कुटुंबे', तेच मुलाखत दिलेले सरपंच.

माझं मत : शून्य गुण, पालकांना बोलावणं आणि प्रकल्प नव्याने. परीक्षेत चिठ्ठी सापडली तर आपण १९८२ च्या गैरप्रकार प्रतिबंधक कायद्यापर्यंत जातो. पीएचडीवाल्यांना यूजीसीची २०१८ ची नियमावली आहे, ६० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की नोंदणीच रद्द. शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना मात्र 'पुन्हा करू नकोस हं' एवढंच. तुमचं काय म्हणणं?

दोन_पोरींचा_बाप :
सर, शून्य द्या, पण विषय कोणी दिला तेही सांगा. आमच्या थोरलीच्या अख्ख्या तुकडीला एकच विषय होता, जलप्रदूषण. मुदत चार दिवस. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प दोरीला टांगलेले, हस्तलिखित हवं तर जादा पैसे. मास्तर मुखपृष्ठाची सजावट बघणार आणि शेवटच्या पानावर सही ठोकणार. वर्षानुवर्षं न वाचता सह्या केल्या आणि एका वर्षी वाचायला घेतलं, तर पोरं गुन्हेगार? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

फळा_खडू :
संन्यासी कुठला हो? सरपंचांची खोटी मुलाखत लिहिणारा? सह्या ठोकणाऱ्यांबद्दल बोलाल ते मान्य. पण मास्तर कामचुकार आहे म्हणून पोराची लबाडी माफ होत नाही.

सातासमुद्रापार :
आमच्या इकडचं, कॅन्ससमधलं प्रकरण सांगतो. २००१-०२ ची गोष्ट. पायपर हायस्कूलमध्ये क्रिस्टीन पेल्टन या जीवशास्त्राच्या शिक्षिकेने झाडांची पानं गोळा करून माहिती लिहायचा प्रकल्प दिला होता. सत्राचे निम्मे गुण त्यावर. ढापलंत तर शून्य, असं आधीच कागदावर लिहून मुलांच्या आणि पालकांच्या सह्या घेतलेल्या. ११८ पैकी २८ जणांनी उतरवल्याचं निघालं, बाईंनी ठरल्याप्रमाणे शून्य दिलं. पालक शाळा मंडळाकडे गेले. मंडळाने काही गुण द्यायला लावले, प्रकल्पाचा वाटाही निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आणला. म्हणजे ज्यांनी खरोखर मेहनत घेतली, त्यांच्या कामाचंही वजन घटलं. बाईंनी राजीनामा दिला. देशभर बोंब झाली ती त्यानंतर. तेव्हा सर, शून्य देण्याआधी व्यवस्थापन पाठीशी राहील का ते बघून घ्या.

एफवाय_बीकॉम :
मी नुकतीच यातून सुटलेय, म्हणून बोलते. प्रकल्पाचे गुण कशासाठी असतात ते सगळ्यांना माहितीये. २०१९ ला दहावीच्या भाषांचे अंतर्गत २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. (अभ्यासक्रमही नवा होता, ते धरूनच बोलतेय.) ओरड झाली, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३०. जे गुण निकाल वर ओढायला वाटायचे, त्यांच्यासाठी पोरं मन लावून सर्वेक्षण करतील असं कोणाला वाटतं?

आणि पंचगंगा सापडते ती जुन्या पद्धतीने छापणाऱ्यांची. आता चॅटजीपीटीला 'माझं गाव अमुक' असं सांगितलं की तो नदीसुद्धा बरोबर टाकतो. कशावर शून्य देणार?

जुना_गडी :
आम्ही गाइडातला 'मी पाहिलेला सूर्योदय' घोकून पेपरात उतरवायचो. सूर्योदय बघितलेला एकानेही नाही. त्याला मास्तर पैकीच्या पैकी द्यायचे, वर निबंध वर्गात वाचून दाखवायचे. तीच उचलेगिरी वहीत केली की शून्य? आधी काय ते एक ठरवा.

फळा_खडू :
@जुना_गडी, हे मात्र बिनतोड. माझ्याकडे उत्तर नाही.

@एफवाय_बीकॉम, कशावर म्हणजे तोंडीवर. वही समोर ठेवायची आणि पाच मिनिटं विचारायचं : कोणत्या घरी गेलास, पाणी कुठून भरतात, टक्केवारी कशी काढलीस. जो सांगेल त्याने काहीही वापरलेलं असो, गुण देईन. ज्याला स्वतःच्या वहीतलं सांगता येत नाही त्याला शून्य. यावरून मी हटणार नाही.

दोन_पोरींचा_बाप :
१२० पोरं धरली तर दहा तास झाले. प्रॅक्टिकलच्या धामधुमीत कुठून काढणार? आणि गरिबाच्या पोराची भीतीने बोबडी वळली की तोही चोर?

फळा_खडू :
बोबडी वळली तर दुसऱ्या दिवशी परत बोलावीन, त्यात काय. दोन रविवार घेतलेत. प्राचार्यांना आजच विचारलं. म्हणाले, तोंडी खुशाल घ्या, फक्त शून्य टाकू नका, नापास झाला तर फेरपरीक्षेचे कागद तुम्हीच रंगवा.

दोन_पोरींचा_बाप :
बघा, प्राचार्यसुद्धा माझ्याच बाजूचे.

फळा_खडू :
ते निकालाच्या बाजूचे आहेत हो. तुमच्या थोरलीची वही असेल तर पाठवा, बघू त्यात कुठली नदी निघते.