मदत हवी आहे: आहिराणी गाण्यांचा संग्रह म्युझिकबीत लावताना अल्बम फुटतात, नावं बिघडतात

गिरणाकाठ (चाळीसगाव):
राम राम मंडळी. विंडोज १० वर साधारण ९,००० एमपी-थ्री आहेत. कानबाईची, आखाजीची, भुलाबाईची, लग्नातली गाणी. काही कॅसेटवरून उतरवलेली, बरीच मोबाइलच्या दुकानातून कार्डात भरून आलेली. म्युझिकबीत (विंडोजवरचा गाणी ऐकायचा प्लेअर) घेतल्यावर एकाच कॅसेटचे सात-आठ अल्बम दिसतात. काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, काहींत विचित्र चिन्हं. आर्टिस्टच्या जागी दुकानाचा फोन नंबर. शिवाय कॅसेटचं गाणं हळू आणि पुढचं रिमिक्स कानठळ्या बसवणारं. सुरुवात कुठून करू? फोल्डर आधी लावू का?

पांझरा (धुळे):
भाऊ, फोल्डरला आत्ता हात लावू नका. टॅग (फाइलीतच साठवलेली शीर्षक, गायक, अल्बम ही माहिती) नीट झाले की फोल्डर त्यांच्यावरून बनवता येतात, उलटं केलंत तर काम दोनदा. पूर्ण संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच पुढे.

अल्बम फुटतो कारण ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा आहे. तो नसला की प्लेअर ‘आर्टिस्ट’वरून गट पाडतो, कॅसेटवर आठ गायक असले की आठ अल्बम. एमपी३टॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. एका कॅसेटची सगळी गाणी निवडा, डावीकडे अल्बम आर्टिस्टमध्ये ‘विविध गायक’ लिहा, कंट्रोल-एस. ज्या खान्यात ‘कीप’ दिसतं त्याला हात लावू नका, त्यात प्रत्येक गाण्याचं आपापलं मूल्य राहतं. अल्बमचं नावही अक्षर न् अक्षर एकच हवं. शेवटी एक रिकामी जागा राहिली तरी वेगळा अल्बम धरला जातो.

आता नावं. प्रश्नचिन्हं आणि विचित्र चिन्हं हे दोन वेगळे आजार आहेत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे गोल चिन्ह किंवा येनची खूण वारंवार दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची एक पद्धत) तीन बाइट घेतं आणि ते तीन बाइट तीन इंग्रजी अक्षरं समजून वाचले गेलेत. फूबार २००० या प्लेअरला चॅकन नावाचं कॉम्पोनंट (जोड-प्रोग्राम) जोडा, त्यात यूटीएफ-८ निवडा. नीट वाचता आलं तरच लागू करा. प्रश्नचिन्हं मात्र खरोखरच प्रश्नचिन्हं म्हणून साठवलेली असतात, तिथून काही परत येत नाही. फाइलच्या नावात शीर्षक असेल तर एमपी३टॅगच्या कन्व्हर्ट मेनूतल्या ‘फाइलनेम – टॅग’ने ओढून घ्या.

हे पुन्हा होऊ नये म्हणून एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये एमपेगखाली आयडी३व्ही२.३ (एमपी-थ्रीच्या टॅगचा एक प्रकार), यूटीएफ-१६ ठेवा आणि आयडी३व्ही१ काढून टाका. त्या जुन्या टॅगमध्ये शीर्षकाला ३० बाइट मिळतात आणि युनिकोडची सोय नाही.

फोन नंबर ‘अ‍ॅक्शन्स’मधल्या रिप्लेसने एका फटक्यात जातो. कॉमेंटचा खानाही बघा, तिथे हमखास सापडतो.

अरुणावती (शिरपूर):
पिकार्ड हे आपोआप टॅग भरणारं सॉफ्टवेअर वापरू नका असं म्हणणार नाही, हिंदी सिनेमाच्या गाण्यांना ते ध्वनीच्या ठशावरून ओळखतं. पण आपली कानबाईची गाणी त्या डेटाबेसमध्ये सहसा नसतात. ती हातानेच भरायची. ‘जॉनर’मध्ये (गाण्याचा प्रकार) ‘लोकगीत’ एवढंच लिहू नका, ९,००० फाइल एकाच ढिगात पडतील. आखाजी, कानबाई, भुलाबाई, हळद असं प्रसंगानुसार ठेवा, लग्नाच्या दिवशी शोधायला सोपं.

सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायला रीप्लेगेन. फूबारमध्ये स्कॅन केलं की ते फक्त टॅगमध्ये आकडा लिहितं, मूळ ध्वनी बदलत नाही. गाडीतले बरेच सेट मात्र हा टॅग वाचतच नाहीत. तिथल्या प्रतींना एमपी३गेन लावा, ते फाइलीतलाच आवाज कमी-जास्त करतं: ठरलेलं लक्ष्य ८९ डेसिबल, पायऱ्या दीड डेसिबलच्या, पुन्हा एन्कोड होत नसल्याने दर्जा घटत नाही. १२८ केबीपीएसची फाइल ३२० ला चढवायच्या फंदात पडू नका, आकार अडीचपट होतो, दर्जा तसूभर सुधारत नाही.

गिरणाकाठ:
धन्यवाद. काही फाइलींत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी आहे, चिन्हं नाहीत. आणि शेवटी फोल्डर?

पांझरा:
ती जुन्या मराठी फॉन्टची करामत. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो इंग्रजी अक्षरांचाच, फक्त त्या फॉन्टमुळे मराठी दिसतो. कोणता फॉन्ट होता ते ओळखून युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा. चुकीचा निवडला तर दुसरीच खिचडी मिळेल.

फोल्डर म्युझिकबीच्या आतूनच लावा. फाइल एक्सप्लोररने हलवल्या की प्लेलिस्टचे दुवे तुटतात. साचा जॉनर, मग अल्बम, मग ट्रॅक नंबर आणि शीर्षक. लांबलचक नावं टाळा, विंडोजमध्ये पूर्ण पाथ साधारण २६० अक्षरांपर्यंतच धरून चाला.

अरुणावती:
एक राहिलंच. शोधताना ‘ॲ’ दोन तऱ्हेने टाइप होतो, एकदा अखंड चिन्ह आणि एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखेच, पण शोधात जुळत नाहीत. एकच पद्धत ठरवा आणि दुसरी रिप्लेसने बदलून टाका.