पडद्यावर वाचलेले लक्षात राहते, पण ते पुस्तकात कुठे होते हे का आठवत नाही?

अनाहत (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे वय 58 आहे. माझे वाचन वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर आणि दिवाळी अंकांवर पोसलेले आहे. गेल्या सात-आठ वर्षांत मात्र झोपण्यापूर्वी उशाशी असलेल्या पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली. माझे वाचन कमी झाले असे मी म्हणणार नाही, कारण सकाळचे वर्तमानपत्र, नात्यागोत्यातल्या मंडळींनी पाठवलेले लेख, एखादी दीर्घकथा आणि अधूनमधून विकत घेतलेले ई-पुस्तक असे सगळे मिळून रोज दीड-दोन तास तरी मी वाचतेच. बदलले आहे ते काहीतरी वेगळेच, आणि ते नेमके काय आहे हे समजून घेण्यासाठी मी हे लिहीत आहे.

गेल्या महिन्यात मी सुमारे तीनशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरी मोबाइलवर अकरा दिवसांत वाचून पूर्ण केली. धाकट्या बहिणीशी तिच्याविषयी बोलताना मला सगळे प्रसंग आठवत होते, पात्रांची नावेही आठवत होती, परंतु किल्लेदाराचे पत्र आधी येते की त्याच्या मुलीचे लग्न आधी ठरते, हे काही केल्या सांगता येईना. याउलट ऐन तारुण्यात वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीतला मृत्यूचा प्रसंग डाव्या हाताच्या पानावर खालच्या बाजूला होता, त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती आणि तोवर पुस्तकाचा उजवा भाग बोटभर जाडीचा उरला होता, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसते.

हा वयाचा परिणाम आहे, मोबाइलचा आहे, की मीच आता घाईने वाचू लागले आहे? कागदाचा वास आणि पानांची सळसळ यांविषयी मलाही प्रेम आहे, पण या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवून उत्तर द्यावे, अशी विनंती आहे.

तळटीप (पुणे)

अनाहतताई, मी शिक्षणशास्त्राचा अध्यापक आहे आणि आपण वर्णन केलेला अनुभव माझ्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकतो. ते विशीतले आहेत, त्यामुळे सगळा दोष वयावर टाकू नये असे मला वाटते.

आपल्या अनुभवाशी अगदी जुळणारा एक प्रयोग आहे. नॉर्वेतील संशोधक अ‍ॅन मॅन्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वाचकांना एकच रहस्यकथा वाचायला दिली. निम्म्यांनी ती छापील पुस्तिकेत वाचली आणि निम्म्यांनी किंडल या ई-वाचक यंत्रावर. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार कथेच्या एकंदर आकलनात दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, परंतु कोणती घटना कोणत्या क्रमाने घडली हे सांगताना छापील पुस्तिका वाचणारे सरस ठरले. म्हणजे आपल्याला जे किल्लेदाराच्या पत्राबाबत जाणवले, तेच तिथे मोजले गेले. वाचत असताना हातातील पानांची जाडी डावीकडे वाढत आणि उजवीकडे कमी होत जाते, आणि आपल्या नकळत बोटे त्या जाडीवरून कथेतील अंतर मोजत असतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते. पडद्यावर पहिले पान आणि दोनशे नव्वदावे पान हाताला सारखेच लागते, आणि कोपऱ्यात दिसणारी टक्केवारी ही समजून घेण्याची गोष्ट आहे, हाताला जाणवण्याची नव्हे.

मात्र यावरून कागद सर्वत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. स्पेनमधील पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, ज्यांत मिळून 1,70,000 हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर वाचताना कागदाचा लाभ दिसला आणि वेळेचे बंधन असताना तो वाढला, पण केवळ कथात्मक मजकूर वाचताना असा फरक आढळला नाही. माझ्या मते त्यातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी, की 2000 ते 2017 या काळात हा फरक कमी न होता वाढत गेला. पडद्यासोबत वाढलेली पिढी आली की अडचण आपोआप मिटेल, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

घाईविषयी आपण विचारले आहे. इस्रायलमधील अ‍ॅकरमन आणि गोल्डस्मिथ यांनी 2011 मध्ये दाखवले, की आपले आपण वेळ ठरवून अभ्यास करायचा असला, तर पडद्यावर वाचणारे विद्यार्थी लवकर थांबतात आणि आपल्याला समजले आहे असा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा अधिक असतो. मोबाइलवर आपण दिवसभर बातम्या आणि निरोप चाळतो, आणि तीच चाळण्याची गती रात्री कादंबरी उघडल्यावरही डोळ्यांत शिल्लक राहते, असे मला स्वतःच्या वाचनातही जाणवले आहे. म्हणून मोबाइल आणि ई-वाचक यंत्र यांत मी फरक करतो. किंडलसारख्या यंत्राच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांची शाई असते, ती कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करते, आणि मुख्य म्हणजे त्यावर मधेच कोणाचा निरोप येऊन उभा राहत नाही.

देवघेव (सांगली जिल्हा)

मी तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल म्हणून एकवीस वर्षे काम करीत आहे. तळटीप यांनी सांगितलेले प्रयोग मी वाचलेले नाहीत, पण देवघेवीच्या टेबलावरून मला जे दिसते ते त्यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो. या कागदांवरून मला वाचनाचा इतिहास कळतो. एखाद्या लोकप्रिय कादंबरीवर 1990 च्या दशकात एका वर्षात पंधरा-सोळा शिक्के पडलेले दिसतात, पुढे ते विरळ होतात आणि अलीकडे वर्षाला एक-दोन उरतात. यातून लोकांनी वाचणे सोडले असे मी म्हणत नाही. पण ज्या वाचकाला सात दिवसांत पुस्तक परत करायचे असायचे, तो पाचव्या दिवशी उरलेली पाने मोजायचा आणि त्या रात्री जागून पुस्तक संपवायचा. मोबाइलमधल्या पुस्तकाला परतीची तारीख नसते. ते कधीही वाचता येते, आणि म्हणूनच ते अर्धवट राहते. माझ्या अनेक सभासदांनी मला आपला मोबाइल उघडून दाखवला आहे. त्यात कोणीतरी पाठवलेली शेकडो पुस्तकांची पीडीएफ साठवलेली असते आणि त्यांतले एकही पूर्ण झालेले नसते. त्यातल्या बऱ्याचशा बेकायदा प्रती असतात, ज्यामुळे लेखकाचे आणि प्रकाशकाचे नुकसान होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट पीडीएफचीच. मराठीतील बहुसंख्य जुनी पुस्तके पडद्यावर येतात ती छापील पानाचा फोटो म्हणून. डेमी आकाराचे, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढे, पान छापील पुस्तकासाठी मांडलेले असते, ते मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर आणले की अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे सरकवावे लागते. हे वाचन नव्हे, ही मजुरी आहे. ज्या पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला अक्षर म्हणून ओळखता येईल अशा रूपात, नव्याने अक्षरबद्ध केलेला असतो त्यात ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडल्या जातात, आणि अनाहतताई, आपण मोबाइलवर अकरा दिवसांत कादंबरी पूर्ण करू शकलात त्याअर्थी ती तशीच असणार. पडदा वाईट की कागद चांगला हा वाद घालण्याआधी आपल्या भाषेतील किती पुस्तके पडद्यासाठी खरोखर तयार झाली आहेत, हे पाहावे असे मला कळकळीने वाटते.

संदर्भग्रंथांचे मात्र उलट आहे. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते, केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदीही संगणकावर उघडतात. आमच्या कपाटातील विश्वकोशाचे खंड पूर्वी एखादा शिक्षक येऊन तास-तासभर चाळत बसायचा. आता त्यांवरची धूळ मीच पुसतो आणि त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण तीच नोंद एखाद्या खेड्यातील मुलगी घरी बसून वाचू शकते.

आणि एक गोष्ट, जी बाहेरच्या लोकांना आश्चर्याची वाटते. आमच्याकडे सर्वांत अधिक कागद वाचणारा वर्ग तरुणांचा आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले पहाटे सहाला येतात. व्याख्याने ती मोबाइलवर पाहतात, पण अभ्यास करतात तो छापील पुस्तकावर, समासात टिपा लिहून. घरातल्या गादीवर नव्हे तर इथेच का बसतोस, असे एकाला विचारले असता तो म्हणाला की इथे मोबाइल बॅगेत ठेवायला लाज वाटत नाही.

दूरदेशी (मेलबर्न)

देवघेव यांच्या उत्तरात एक भर घालतो. आमच्यासारख्यांना कागद आणि पडदा यांतून निवड करण्याची मुभाच नसते. पुण्याहून चार पुस्तके टपालाने मागवायची तर टपालखर्च पुस्तकांच्या किमतीहून अधिक होतो. 2016 च्या डिसेंबरमध्ये किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली, तेव्हा मी कितीतरी वर्षांनी आठवड्याला एक मराठी पुस्तक वाचू लागलो. माझ्या बाबतीत पडद्याने वाचन मोडले नाही, जोडले.

परंतु एक कटू अनुभवही आहे. दुसऱ्या एका सेवेकडून मी सुमारे चाळीस मराठी पुस्तके विकत घेतली होती. ती सेवा बंद झाली आणि सूचनेची मुदत माझ्या लक्षात येण्यापूर्वीच पुस्तके उघडेनाशी झाली. त्यांतील दोन पुस्तके मी अर्धी वाचलेली होती. अनाहतताईंना कादंबरीतले ठिकाण आठवत नाही, माझ्याकडे तर आता ती पुस्तकेच राहिली नाहीत.

ओवीबद्ध (कराड)

माझी आई 81 वर्षांची आहे आणि तिला डोळ्यांच्या विकारामुळे छापील अक्षर वाचणे जवळजवळ अशक्य झाले होते. भिंग घेऊन ती एका बैठकीत जेमतेम पान-दीड पान वाचू शकत असे. दोन वर्षांपूर्वी तिला टॅब्लेट आणून दिला आणि अक्षर इतके मोठे केले की एका पडद्यावर सहा-सात ओळीच मावतात. ती त्यावर रोज सकाळी दासबोध वाचते.

हा धागा वाचून मी तिला विचारले, की तुला कालचे वाचन कुठे थांबले ते आठवते का. तिने तत्काळ दशक आणि समास सांगितला, ओवीसुद्धा सांगितली. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला पानाची कधी गरजच नव्हती. दासबोधात वीस दशक आहेत, प्रत्येक दशकात दहा समास आहेत आणि प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. ज्ञानेश्वरीतही अध्याय आणि ओवी सांगितली की कोणत्याही प्रतीत ते ठिकाण सापडते. पोथी हस्तलिखित असो, निर्णयसागर छापखान्याची असो किंवा पडद्यावरची असो, तिच्यातील ठिकाणाचा पत्ता ग्रंथाच्या आतच लिहिलेला आहे. छापील कादंबरीने हा पत्ता पानांवर आणि जाडीवर सोपवला, आणि पाने गेल्यावर तो हरवला. शिवाय आई मोठ्याने वाचते, त्यामुळे तिला घाईने चाळता येतच नाही. तळटीप यांनी सांगितलेल्या दोन्ही अडचणींमधून ती अशी सुटलेली दिसते.

तळटीप (पुणे)

ओवीबद्ध, आपण लिहिलेले माझ्या ध्यानात कधीच आले नव्हते. प्रयोगांत वापरलेले मजकूर बहुधा सलग गद्याचे असतात, आणि मजकुराच्या आतच खुणा असतील तर निकाल कसा लागेल, हे तपासण्यासारखे आहे. पुढील सत्रात मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच दीर्घकथा दोन प्रकारे वाचायला देईन. एका गटाला ती सलग देईन आणि दुसऱ्या गटाला क्रमांक घातलेल्या लहान प्रकरणांत देईन. दोन्ही गट मोबाइलवरच वाचतील.

अनाहत (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मी ती कादंबरी पुन्हा उघडून पाहिली. तिला प्रकरणेच नाहीत, केवळ तीन फुल्या टाकून भाग वेगळे केलेले आहेत. छापील प्रतीत मला त्याची उणीव भासली नसती, हे आता कळते.

कालपासून मी एक वही घेतली आहे. मोबाइलवर वाचताना प्रत्येक बैठकीनंतर काय घडले ते एका ओळीत लिहिते आणि ओळीला क्रमांक देते. बैठकीपुरते मोबाइलवरचे निरोपही बंद ठेवते. शिवाय देवघेव यांनी लिहिलेले परतीच्या तारखेचे बोलणे मनाला लागले, म्हणून आज सकाळी वाचनालयात जाऊन चार वर्षांची थकलेली वर्गणी भरली आणि तीच कादंबरी छापील स्वरूपात घरी आणली. किल्लेदाराचे पत्र 174 व्या पानावर, डाव्या हाताला आहे. मुलीचे लग्न त्याआधीच ठरलेले होते.