बेदाणा, ३८ एटीपी आणि १२० प्रश्नांचा संच

काचपट्टी (वाई)
एफवायच्या (अकरावीच्या) बायोलॉजीसाठी कृष्णाकाठ यांनी काल १२० प्रश्नांचा संच टाकला. वर लिहिलंय, "एवढं पाठ करा, बाकी काही उघडायची गरज नाही." खाली "धन्यवाद सर"ची ही रांग. म्हटलं जाऊ दे, पण संच वाचल्यावर राहवेना.

पहिल्याच पानावर तीन प्रश्न आहेत: मायटोसिसची (पेशीच्या समविभाजनाची) व्याख्या, मायटोसिसच्या अवस्था, मायटोसिस आणि मिऑसिसमधले (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनातले) पाच फरक. तिन्हींना मिळून पुस्तकाचं एक पान पाठ केलं की काम झालं. त्यांच्या जागी एकच प्रश्न द्या. कांद्यात टू-एन, म्हणजे शरीरपेशीतल्या गुणसूत्रांची संख्या, १६ आहे. मेटाफेजला (गुणसूत्रं मध्यावर आल्यावर) पेशीत गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जोडलेल्या जुळ्या प्रती) किती, आणि ॲनाफेजला (त्या प्रती वेगळ्या झाल्यावर) गुणसूत्रं किती? उत्तर १६, ३२ आणि ३२. तिसऱ्या आकड्याला हमखास १६ लिहिलं जातं, कारण सेंट्रोमियर (दोन क्रोमॅटिड जोडणारा बिंदू) दुभंगला की प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजायचं, हे अवस्थांची नावं घोकून कळत नाही. पुढे विचारा, मिऑसिसच्या मेटाफेज-१ ला काय दिसेल? ८ जोड्या. पाच फरकांचा तक्ता यातच वसूल होतो.

हे झालं दर्जाचं. चुका वेगळ्याच. प्रश्न ५७: बेदाणा पाण्यात फुगतो, कारण एंडोऑस्मोसिस, म्हणजे पटलातून पाणी आत शिरणं. प्रश्न ६३: एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशी ऊर्जा साठवते ते रेणू); नव्या हिशेबानं ३२. प्रश्न ८८: पार्थेनोकार्पीचं (फलनाशिवाय फळ धरण्याचं) उदाहरण, बिनबियांची द्राक्षं. सांगली जिल्ह्यात बसून द्राक्षाबद्दल हे लिहावं?

कृष्णाकाठ (सांगली)
काचपट्टी, आपण फार वरच्या मजल्यावरून बोलताय. हा संच कुणासाठी आहे ते आधी बघा. जत-आटपाडीकडून पहाटेच्या एसटीनं येणारी पोरं. दहावीपर्यंत पेशी, केंद्रक, तंतुकणिका असं शिकलेली, आणि आता अचानक सगळं इंग्रजीत. ज्याला क्रोमॅटिड हा शब्दच नवा, तो तुमचा ३२ चा हिशेब कशाच्या जोरावर करणार? आधी शब्द, मग विचार. व्याख्या लिहिली की दोन मार्क पदरात पडतात. "कारणे द्या"ला अर्धं पान लिहूनही शून्य मिळू शकतं.

३८ बद्दल म्हणाल, तर तपासणाऱ्याच्या हातातल्या उत्तरपत्रिकेत ३८ असतं. तिथं ३२ लिहून पोरगं नापास झालं तर तुम्ही भरणार का त्याची फी?

मिरज_लॅब
दोघंही कागदावरच भांडताय. १२० प्रश्नांत प्रॅक्टिकलचा एकही प्रश्न नाही, त्याचं काय? "कांद्याच्या मुळाचा स्क्वॅश (दाबून पसरलेली स्लाइड) करताना विभाजन होणारी एकही पेशी दिसली नाही, संभाव्य कारणे लिहा." हा प्रश्न कुठल्या संचात आहे दाखवा.

उत्तराला भरपूर जागा आहे. कांद्याचा बुडखा पाण्याला नुसता टेकवायचा, बुडवला तर कुजतो. दोन-तीन दिवसांत मुळं दीड-दोन सेंटिमीटर होतात. टोकाचे फक्त दोन-तीन मिलिमीटर घ्यायचे. त्याच्या वरचा भाग लांबणाऱ्या पेशींचा, तिथं विभाजन शोधून उपयोग नाही. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्लात चोवीस तास फिक्स, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचं. एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशाला पाच-दहा मिनिटं. कमी झालं तर पेशी सुट्या होत नाहीत आणि स्लाइडवर गठ्ठा दिसतो, जास्त झालं तर टोकाचा लगदा होतो आणि रंगही नीट धरत नाही. मग ॲसिटोकार्मिनचा रंग. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठा सरळ खाली दाबायचा, बाजूला सरकवायचा नाही. सरकला की पेशी गुंडाळतात आणि त्यालाच कुणीतरी प्रोफेज (विभाजनाची पहिली अवस्था) म्हणून जर्नलमध्ये काढतं.

तासगावची_बाग
८८ नंबरवर मला बोलू द्या, बाकी तुमचं चालू द्या. थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, ह्यात फलन होतंय राव! परागण होतं, बी धरायला लागतं आणि गर्भ मधेच मरतो. म्हणून बी टणक होत नाही, पण मणी उभा चिरला तर बारीक, मऊ खूण सापडते. ह्याला स्टेनोस्पर्मोकार्पी म्हणतात. फलनच न होता फळ धरणं म्हणजे पार्थेनोकार्पी, आणि द्राक्षात त्याचं उदाहरण ब्लॅक कोरिंथ. तास-ए-गणेश ही निवड तर तासगाव तालुक्यातल्या बोरगावची. आमच्या बांधावरच्या वाणाचं चुकीचं उत्तर आमच्याच पोरांना पाठ करायला लावायचं, हे काय बरोबर न्हाई.

आणि प्रश्नच काढायचा तर असा काढा. बी अर्धवट राहिलं की मणी लहान का राहतो आणि जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) फवारल्यावर का फुगतो? कारण वाढणारं बी स्वतः जिबरेलिन पुरवतं. बी मेलं की पुरवठा तुटला, तो आपण बाहेरून देतो. जोडीला गणित द्या: १ ग्रॅम जीए २५ लिटर पाण्यात म्हणजे किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग)? ४०. पावडर थेट पाण्यात टाकली की नीट विरघळत न्हाई, आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवावी लागते. का, ते पोरांना विचारा.

कृष्णाकाठ (सांगली)
८८ ची चूक मान्य. सुधारतो. पण त्या एका प्रश्नावरून सगळा संच मोडीत काढू नका. ५७ मध्ये तुम्हाला नक्की काय खुपतंय? बेदाणा फुगतो, पाणी आत जातं, झालं ऑस्मोसिस. सातवीच्या पोरालाही माहीत आहे.

काचपट्टी (वाई)
सातवीच्या पोराला माहीत आहे, तिथंच तर घोळ आहे. बेदाण्यातल्या पेशी मेलेल्या असतात. वाळताना पटल फाटतं. निवडक पारगम्य पटलच उरलं नाही तर ऑस्मोसिस कशाच्या आरपार? बेदाणे रात्रभर भिजवा आणि सकाळी ते पाणी चाखा. गोड लागतं. म्हणजे साखर बाहेर आली. पटल शाबूत असतं तर साखर अशी सुटली नसती. फुगण्यात पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनच्या अंतःशोषणाचा (कोरड्या पदार्थानं पाणी शोषून फुगण्याचा) वाटाही आहे.

सज्जनगड_पायथा
काचपट्टी, तुमचा अर्धाच मुद्दा बरोबर. पेशी मेली म्हणून ऑस्मोसिस होत नाही, हे कुणी सांगितलं? सेलोफेनची पिशवी कधी जिवंत होती? त्यात साखरेचं पाणी भरून साध्या पाण्यात टांगली की फुगतेच. पटल जिवंत आहे का हा प्रश्न नाही, पाण्याला जितक्या सहज जाऊ देतं तितक्या सहज साखरेला जाऊ देतं का, हा आहे. बेदाण्याची साल आणि तिच्याखालचे थर साखरेला हळू सोडतात, पाण्याला लवकर. गोड पाणी एवढंच सांगतं की अडवणूक पूर्ण नाही.

तपासायचंच असेल तर भिजून टम्म झालेला बेदाणा घट्ट साखरपाकात टाका. आकसला तर नुसतं अंतःशोषण म्हणून भागणार नाही. सोबत तुलनेला एक बेदाणा सुईनं टोचून टाका.

काचपट्टी (वाई)
सेलोफेनचा मुद्दा ठीक. "मेलेली पेशी" हे माझं कारण अपुरं होतं, लिहून घ्या. पण मग उत्तरात नुसतं "एंडोऑस्मोसिस" लिहून पूर्ण मार्क कसे?

तासगावची_बाग
अहो, कुठला बेदाणा ते तर विचारा! आपल्याकडचा घड शेडवर टाकण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. लिटरला १५ मिली तेल, २५ ग्रॅम कार्बोनेट, दोन-चार मिनिटं. त्यानं सालीवरच्या मेणाच्या पापुद्र्यांची घडी विस्कटते आणि पाणी भराभर उडतं, म्हणून वाळायचे दिवस बरेच कमी होतात. न बुडवता नुसता उन्हात वाळवलेला काळा बेदाणा निराळा. ज्या सालीतनं पाणी लवकर बाहेर गेलं, तिच्यातनं ते परत आत जायचा वेगही तोच राहील, असं धरून चालू नका. दोन्ही वजन करून भिजवा, दर तासाला टिपा.

फुलं_पठारावरची (सातारा)
बेदाण्यावर इतकं? ऑस्मोसिससाठी बटाट्याच्या कांड्या घ्या आणि मिटवा. सुक्रोजची ०, ०.२, ०.४, ०.६ मोलरची द्रावणं, ०.२ साठी लिटरला ६८.४ ग्रॅम. वजनातला बदल टक्क्यांत काढायचा, कारण कांड्या सारख्या कापल्या जात नाहीत. वजनापूर्वी टिपकागदानं कोरड्या करायच्या, नाहीतर वरचं पाणीच मोजलं जातं. आलेख शून्याला जिथं कापतो ते समतोलाचं द्रावण. सोबत एक उकडलेली कांडी ठेवा, पटलाचं काम कळेल.

आणि हा धागा उघडलाच आहे तर माझंही दुखणं. प्रत्येक संचात कीटकभक्षी म्हणून घटपर्णी आणि व्हीनस फ्लायट्रॅप. साताऱ्याहून थोड्या अंतरावर कास आहे, पावसाळ्यात तिथं ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलेरिया पायाखाली असतात. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, नत्र कमी, म्हणून कीटक. "प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पतीला कीटक कशाला लागतो?" एवढं विचारा. "अन्नासाठी" लिहिलं की उत्तर चुकलं. कार्बन ती स्वतः मिळवते, तिला हवा नत्र.

कृष्णाकाठ (सांगली)
वा. एकाला बेदाणा, एकाला कास, एकाला अंगठा कसा दाबायचा. सगळे विद्वान. परीक्षा चार आठवड्यांवर आहे आणि पोरांच्या हातात काय द्यायचं ते कुणीच सांगत नाही. टीका करणाऱ्यांनी स्वतः १२० प्रश्न काढून दाखवावेत.

मिरज_लॅब
सर, चिडू नका. पण "बाकी काही उघडायची गरज नाही" हे तुमचंच वाक्य. तेवढं काढलं असतं तर निम्मा धागा झालाच नसता.

सज्जनगड_पायथा
३८ चं राहिलं. ग्लुकोज मोडताना इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला २ एटीपी धरलं की ३८ येतात. आता २.५ आणि १.५ धरतात. १० एनएडीएचचे २५, २ एफएडीएच-टूचे ३, थेट बनलेले ४. बेरीज ३२. ग्लायकोलिसिसमधले (ग्लुकोज मोडण्याच्या पहिल्या टप्प्यातले) दोन एनएडीएच तंतुकणिकेबाहेर असतात. ते ग्लिसरॉल फॉस्फेट शटलनं आत गेले तर त्यांना १.५ च धरायचे, मग बेरीज ३०. पोरांनी दोन्ही आकडे लिहावेत, आणि कुठला गुणक धरला तेही. ३८ पाहून मार्क देणाराही देईल, नवं वाचलेलाही देईल.

कृष्णाकाठ (सांगली)
हे जमेल. म्हणजे पोरांवर आणखी दोन ओळी पाठ करायचं ओझं, पण जमेल. सुधारित संचात असं टाकतोय:

५७. बेदाणा पाण्यात फुगतो आणि पाणी गोड होते. दोन्ही निरीक्षणांची कारणे द्या.
६३. एका ग्लुकोजपासून ३८, ३२ आणि ३० एटीपी हे तिन्ही आकडे कसे येतात ते हिशेबाने दाखवा.
८८. थॉमसन सीडलेसमध्ये फलन होऊनही बी का दिसत नाही?
८९. कांद्याचा तो १६, ३२, ३२ वाला. काचपट्टींच्या समाधानासाठी.

व्याख्या एकही काढलेली नाही. काढणारही नाही.

काचपट्टी (वाई)
८९ मध्ये "ॲनाफेज" एवढंच लिहू नका, "मायटोसिसमधील ॲनाफेज" लिहा. मिऑसिसच्या ॲनाफेज-१ ला सेंट्रोमियर दुभंगत नाही, तिथं १६ च.

तासगावची_बाग
५७ ला बेदाणा कुठला ते अजून लिहिलं न्हाई.